बचावाच्या बाकावर पहिले चार आठवडे : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही मोफत कायदेशीर मदतीच्या हक्कावर लिहिलं होतं. त्यावर कायद्याच्या विद्यार्थ्यांची, त्यांच्या शिक्षकांची आणि काही पालकांचीही पत्रं आली. गरीब आरोपीच्या बचावाचं काम विद्यार्थ्याने कसं शिकावं, हाच बहुतेकांचा प्रश्न होता. त्यातल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

मी तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरकारी खर्चाने चालणारं बचावाचं काम शिकायचं आहे, पण ओळखीत एकही वकील नाही. अर्ज कुठे करू आणि किती आठवड्यांचा?
— विद्यार्थिनी, भांडुप

ओळख नसेल तर उलट याच वाटेने जा, कारण इथे अर्ज कार्यालयाकडे करायचा असतो. अर्ज ‘सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण’ यांच्या नावाने लिहा; गरजूंना मोफत वकील देणारं हे सरकारी कार्यालय. सचिव हे न्यायिक अधिकारी असतात, त्यामुळे भाषा नेमकी आणि मजकूर एका पानाचा ठेवा. मुंबईत फौजदारी कोर्टं विखुरलेली आहेत : किल्ला कोर्ट, माझगाव, भोईवाडा, कुर्ला, विक्रोळी, मुलुंड, वांद्रे, अंधेरी, बोरिवली. सत्र न्यायालयं फोर्ट, माझगाव आणि दिंडोशीला. तुम्हाला जिथे बसायचं आहे ते कोर्ट कोणत्या प्राधिकरणाच्या हद्दीत येतं, हे आधी विचारून घ्या. भांडुपहून मुलुंड किंवा विक्रोळी सोयीचं. रोज फोर्टपर्यंतच्या लोकलमध्ये दोन-अडीच तास घालवण्यापेक्षा तेवढा वेळ फाइलीला द्या.

अर्जात पाच गोष्टी हव्यात : वर्ष आणि कॉलेज, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणतं कोर्ट, तुम्हाला अस्खलित बोलता येणाऱ्या भाषा, आणि प्राचार्यांचं शिफारसपत्र. भाषेची ओळ पुष्कळ जण गाळतात. रिमांडला, म्हणजे कोठडी ठरवण्यासाठी दंडाधिकाऱ्यापुढे, येणारा आरोपी बंगाली, भोजपुरी किंवा तेलुगू बोलणारा असतो आणि त्याचं म्हणणं वकिलाला पुरतं कळत नाही, असं रोज घडतं. घरात यांपैकी एखादी भाषा बोलत असतील तर ते ठळकपणे लिहा.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदे शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही, आणि संपूर्ण शिक्षणात निदान एकदा तरी खालच्या व वरच्या कोर्टात प्रत्यक्ष काम करणाऱ्या वकिलाकडे बसावंच लागतं. म्हणून अर्ज बरोबर चार आठवड्यांचा करा. उन्हाळ्याची कोर्टाची सुट्टी टाळा. त्या काळात साक्षीपुरावे फारसे चालत नाहीत आणि तुमचे निम्मे दिवस रिकामे जातात. विद्यावेतन मिळेल असं गृहीत धरू नका.

एक फरक लक्षात घ्या. विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळणारा वकील दोन प्रकारचा असतो. पॅनेलवरचा वकील स्वतःची खाजगी प्रकरणंही चालवतो. ‘लोकअभिरक्षक’ मात्र राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेखाली नेमलेला पूर्णवेळ बचाव वकील असतो आणि त्याला खाजगी वकिली करता येत नाही. मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी कामाचा किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो, उपमुख्याला सात वर्षांचा, तर सहाय्यक शून्य ते तीन वर्षांच्या अनुभवाचा असतो. शिकण्यासाठी लोकअभिरक्षकाचं कार्यालय उत्तम, कारण सगळ्या फाइली एकाच छताखाली असतात. कामाच्या पहिल्या आठवड्यात सहाय्यकाच्या मागे राहा. कागद कुठे मिळतो, शिरस्तेदाराशी (कोर्टाच्या कारकुनाशी) कसं बोलावं, नकलेचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यावा, हे तो नुकताच शिकलेला असतो, त्यामुळे तोच नीट सांगतो.

पोशाखाचा नियमही बार कौन्सिलच्या त्याच नियमावलीत आहे : पांढरी किंवा काळी पँट, पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट, पाय पूर्ण झाकणारे काळे बूट. बँड (गळ्यातली पांढरी पट्टी) आणि गाऊन वकिलाचे, तुमचे नव्हेत.

अमेरिकेत कायद्याचे विद्यार्थी कॉलेजच्या विधी सहाय्य क्लिनिकमधून आरोपीची बाजू कोर्टात मांडतात असं वाचलं. आपल्याकडे निदान रिमांडला तरी दोन वाक्यं बोलता येतील का?
— विद्यार्थी, चेंबूर

नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत विद्यार्थ्यांना देखरेखीखाली उभं राहू देणारे नियम आहेत. आपल्याकडे तसा नियम नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३३ प्रमाणे नोंदणी झालेल्या वकिलालाच वकिली करता येते, आणि कलम ४५ प्रमाणे बेकायदा वकिलीला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पुकारा झाला आणि तुमचे वकील दुसऱ्या कोर्टात असतील तर उठून ‘वकीलसाहेब पाच मिनिटांत येतात’ एवढा निरोप शिरस्तेदाराकडे द्यायचा. प्रकरणाच्या गुणदोषांवर एक शब्दही बोलायचा नाही. वकीलपत्रावर किंवा अर्जावर सहीही करायची नाही.

म्हणून मन खट्टू करून घेऊ नका. बोलणाऱ्या वकिलाकडे त्या दिवशी पंधरा-वीस प्रकरणं असतात. त्याच्याकडे वेळ नसतो आणि तुमच्याकडे नेमका तोच असतो. पुढची सगळी उत्तरं त्या वेळेचं काय करायचं याविषयी आहेत.

आरोपीशी पहिली भेट कोर्टाच्या लॉकअपबाहेर होते आणि दहा मिनिटंही मिळत नाहीत. काय विचारायचं?
— दोन विद्यार्थी, वडाळा

आधी काय विचारायचं नाही ते सांगतो : ‘तू केलंस का?’ शेजारी एस्कॉर्टचा पोलीस उभा असतो, आरोपी रात्रभर जागा असतो, आणि सरकारपक्षाचं म्हणणं काय आहे हे अजून आपल्यालाच ठाऊक नसतं. अशा वेळी मिळालेलं उत्तर खरं असो वा खोटं, बचावाला ते अडचणीचंच ठरतं. ‘पोलीस काय म्हणतायत तुझ्याबद्दल?’ असा प्रश्न करा. त्यातून हवं ते कळतं आणि आरोपीला स्वतःला अडकवावं लागत नाही.

ओळख करून देताना तीन वाक्यं पुरतात : मी विद्यार्थी आहे, वकील नाही, अमुक वकिलांबरोबर काम करतो, या वकिलांची फी तुला द्यायची नाही. तिसरं वाक्य विसरू नका. आरोपीला वाटतं सरकारने दिलेला वकील म्हणजे पोलिसांचाच माणूस, आणि बाहेर कुणीतरी त्याच्या बायकोकडे पैसे मागत असतो. कोठडीत असलेल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली मोफत वकिलाचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही, हे त्याच्या भाषेत सांगा.

मग क्रमाने जा. धरलं कधी? तारीख नव्हे, वेळ विचारा : ‘दिवेलागणीच्या आधी की नंतर? जेवण झालं होतं का?’ अटकेच्या पंचनाम्यात रात्री ११ लिहिलेलं असतं आणि माणूस दुपारी चारला नाक्यावरून उचललेला असतो. प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं बंधनकारक आहे, आणि ते चोवीस तास खऱ्या वेळेपासून मोजायचे. कुठून धरलं, सोबत कोण होतं, जवळपास कुठल्या दुकानाचा कॅमेरा होता? फुटेज दिवसागणिक पुसलं जातं, म्हणून हे त्याच दिवशी वकिलांच्या कानावर घालायचं. अटकेची कारणं लेखी दिली का, आणि त्याला वाचता येणाऱ्या भाषेत दिली का? सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईतल्याच एका प्रकरणात, हे स्पष्ट केलं आहे : कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत, आणि अटकेच्या वेळी देणं शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या निदान दोन तास आधी. कागद मराठीत आणि आरोपीला फक्त बंगाली येत असेल तर ते मुद्द्याचं आहे. घरी कळवलं का आणि कुणाला? मारहाण झाली का? हा प्रश्न हळू आवाजात, पोलीस जरा बाजूला झाला की. अंगावरची जखम दिसत असेल तर जागा, आकार, रंग लिहा : ‘डाव्या दंडावर निळसर वळ, साधारण चार बोटं लांब.’ ‘मारलं आहे’ एवढ्याने दंडाधिकाऱ्यापुढे काही उभं राहत नाही.

शेवटी वय. चेहरा कोवळा वाटला तर अटक फॉर्मवरचं १९ हे वय खरं मानू नका. शाळेत गेला होता का, कितवीपर्यंत, कुठल्या शाळेत, हे विचारा. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ चा क्रम असा आहे : आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. एका शाळेचं नाव वेळेवर कळलं तर मुलगा आर्थर रोड तुरुंगाऐवजी डोंगरीच्या निरीक्षणगृहात आणि बाल न्याय मंडळापुढे जातो.

एवढ्यावर दहा मिनिटं संपतात. घरच्यांचा फोन नंबर मात्र सगळ्यात आधी घ्या. आरोपीला बहुधा एकच नंबर पाठ असतो. लिहून घेतल्यावर त्याला परत म्हणायला लावा, कारण एक आकडा चुकला तर त्याच्या घरी पोचायची दुसरी वाट नसते.

आरोपीने मला सांगितलेलं गुप्त राहतं का? आणि कॉलेजला तर इंटर्नशिप डायरी द्यावीच लागते.
— विद्यार्थिनी, गोरेगाव

या प्रश्नाबद्दल तुमचं मनापासून कौतुक. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने वकिलाला अशिलाचं बोलणं उघड करण्यास मनाई केली आहे, आणि हीच मनाई दुभाषा, वकिलाचा कारकून व कर्मचारी यांनाही लागू आहे. विद्यार्थी हा शब्द तिथे नाही. म्हणून जपून राहा : कार्यालयाकडून लेखी नेमणूक आणि गोपनीयतेचं हमीपत्र घ्या, आरोपीशी वकिलांच्या सांगण्यावरून आणि त्यांच्या कामासाठीच बोला, आणि टिपणं त्यांच्या फाइलमध्ये ठेवा. स्वतःच्या फोनमध्ये आवाज किंवा फोटो काही नको, मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नको.

डायरी बार कौन्सिलच्या नियमाने सक्तीची आहे आणि ती मार्गदर्शक वकील व प्राध्यापक दोघंही तपासतात. चौथ्या क्लिनिकल (प्रात्यक्षिक) पेपरमध्ये अभिरूप न्यायालय, म्हणजे मूट कोर्ट, ३० गुण, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला पाहून केलेली नोंद ३० गुण, अशिलाच्या दोन मुलाखती व कागदपत्रांची तयारी मिळून ३० गुण आणि तोंडी १० गुण अशी वाटणी आहे. म्हणजे मुलाखत लिहायची तर आहे, पण अशिलाला उघडं न पाडता. उदाहरण पाहा.

अशी नोंद नको : ‘आज कुर्ला कोर्टात साकीनाक्याच्या अमुकला भेटलो. त्याने मोबाइल विकल्याचं कबूल केलं.’

अशी हवी : ‘मुलाखत क्र. १. पुरुष, विशीतला, चोरीचा आरोप. भाषा हिंदी. वकिलांनी अटकेची वेळ तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारली, तिसऱ्यांदा उत्तर बदललं. कारण : आरोपी घड्याळ वापरत नाही, नमाजाच्या वेळेवरून सांगतो. शिकलो : वेळ आरोपीच्या दिनक्रमावरून काढावी.’

दुसऱ्या नोंदीत शिकणं जास्त आहे आणि माणूस कुठेच दिसत नाही. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचं किंवा बाल न्याय मंडळापुढच्या मुलाचं नाव, शाळा, वस्ती काहीही लिहू नका, तो स्वतंत्र गुन्हा होतो. असे खटले बंद दालनात चालतात. बाहेर जायला सांगितलं तर वाद न घालता उठा.

विद्यार्थ्याला खरोखर उपयोगी पडता येईल असं एक काम सांगा.
— विद्यार्थी, परळ

तारखा मोजणं. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण माणूस तुरुंगातून बाहेर येण्याचा सगळ्यात सरळ रस्ता अनेकदा तोच असतो. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले, होते, म्हणजे दर चारांतले तीन. त्यांच्यापैकी कुणाच्या तारखा भरल्या हे पाहायला कुणीतरी फाइल उघडून बसावं लागतं.

दोन मोजण्या शिका. पहिली, मुदतीत दोषारोपपत्र न आल्यास मिळणारा जामीन. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ प्रमाणे मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवस, इतरांत ६०. मोजणी अटकेच्या दिवसापासून नव्हे, दंडाधिकाऱ्याने पहिली कोठडी दिली त्या दिवसापासून, आणि तो दिवस धरून. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हा वाद मिटवला. समजा, अटक २ जूनला रात्री आणि पहिली रिमांड ३ जूनला. जूनचे २८ दिवस, जुलैचे ३१, झाले ५९. १ ऑगस्ट हा साठावा. तोवर दोषारोपपत्र आलं नसेल तर २ ऑगस्टला हक्क उभा राहतो. ‘साठ दिवस म्हणजे दोन महिने’ असं धरलं की इथेच चूक होते. अर्ज दोषारोपपत्र येण्याआधी दाखल व्हायला हवा. तुम्ही ३ ऑगस्टला सकाळी फाइल उघडली आणि सरकारपक्षाने ११ वाजता दोषारोपपत्र दिलं, तर तो हक्क हातचा गेला. म्हणून अर्जाचा मसुदा पंचावन्नाव्या दिवशी तयार असू द्या आणि एकसष्टाव्या दिवशी कोर्ट उघडताच शिरस्तेदाराकडे द्या, दाखल झाल्याची वेळ लिहून घ्या. कलमांकडेही पाहा : रिमांड अर्जात नंतर एखादं जड कलम वाढवलं गेलं असेल तर ६० चे ९० होतात.

दुसरी मोजणी कलम ४७९ ची. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्च्या कैदेत गेला तर जामिनावर सोडायचं, आणि आधी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश काळानंतर बाँडवर, म्हणजे लेखी हमीवर. राहत्या घरातल्या चोरीला कमाल सात वर्षं. आधी शिक्षा न झालेल्याचा एक तृतीयांश म्हणजे दोन वर्षं चार महिने, इतरांचा निम्मा म्हणजे साडेतीन वर्षं. हिसकावून नेण्याला कमाल तीन वर्षं, त्याचा एक तृतीयांश एक वर्ष. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून अधिक गुन्हे किंवा प्रकरणं प्रलंबित असतील तर याच कलमाचा अडसर येतो. ही संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली; त्यापूर्वीच्या प्रकरणांतल्या कैद्यांनाही ते लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं. कोर्टाला कळवणं तुरुंग अधीक्षकाचं कर्तव्य आहे, पण कळवलं जाईल म्हणून हात बांधून बसू नका.

यासाठी एक साधी वही करा. प्रत्येक आरोपीला एक ओळ : गुन्हा रजिस्टर क्रमांक व पोलीस ठाणं, कोर्टाचा प्रकरण क्रमांक, सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर (प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र ओळख), कलमं, कमाल शिक्षा, पहिल्या रिमांडची तारीख, साठावा किंवा नव्वदावा दिवस, एक तृतीयांशाची तारीख, पुढची तारीख. रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद, ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दिसतो, पण तिथली नोंद मागे पडलेली असू शकते, म्हणून आठवड्यातून एकदा मूळ कागदाशी ताडून पाहा.

जामीन मंजूर झाला तरी आमच्या गल्लीतला मुलगा सतरा दिवस आतच आहे. तिथे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी यात काही करावं असं वाटतं.
— एक रहिवासी, गोवंडी

करता येतं, आणि करायलाच हवं. अडतं ते बहुधा जामीनदारावर. कोर्टाला शिधापत्रिका, आधार, पॅन, नोकरीचा पुरावा किंवा पगाराच्या पावत्या, राहत्या जागेचा कागद लागतो. शिधापत्रिकेवर एक आडनाव आणि आधारवर दुसरं असेल, भाडेकरार संपलेला असेल, किंवा तोच माणूस दुसऱ्या प्रकरणात जामीनदार असेल तर कागद परत येतात. विद्यार्थ्याने कागद कोर्टात नेण्याआधी एकमेकांशेजारी ठेवून नावांचं स्पेलिंग जुळवावं. अर्ध्या तासाच्या या कामाने दोन हेलपाटे वाचतात. जामीनदार लगेच मिळत नसेल तर वकील काही आठवड्यांपुरता तात्पुरता रोख जामीन मागू शकतात, रक्कम परवडणारी नसेल तर ती कमी करण्याचा अर्ज देऊ शकतात.

३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे जामिनाचा आदेश त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात जायला हवा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं आहे. महिनाभरात बाँड भरता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. तुमच्या गल्लीतल्या मुलाचे सतरा दिवस झाले आहेत, म्हणजे प्राधिकरणात आजच लेखी अर्ज द्या. १५१०० या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळतं. २०२३ च्या केंद्राच्या गरीब कैदी साहाय्य योजनेत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशांची मदत होऊ शकते. त्यासाठी प्राधिकरणाकडेच विचारा. गुन्हा जामीनपात्र असेल तर आठवडाभरात जामीन देऊ न शकणारा माणूस निर्धन मानला जातो आणि त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडावं लागतं.

सगळं भरूनही माणूस बाहेर येत नसेल तर मुक्तता आदेश नीट वाचा. आरोपीचं नाव वॉरंटवरच्या नावापेक्षा वेगळं लिहिलेलं असणं, प्रकरण क्रमांकात एक आकडा चुकणं, किंवा दुसऱ्या एखाद्या प्रकरणाचं वॉरंट प्रलंबित असणं ही नेहमीची कारणं. आर्थर रोडला आदेश टाकायची पेटी ठरलेल्या वेळेलाच उघडते. ती वेळ चुकली की अख्खी रात्र वाढते.

मी समाजकार्याची विद्यार्थिनी आहे, कायद्याची नाही. मला यात जागा आहे का?
— विद्यार्थिनी, देवनार

नक्की आहे. १९८३ च्या शीला बर्से प्रकरणात मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्रियांची स्थिती पाहायला सर्वोच्च न्यायालयाने पाठवलं ते समाजकार्याचं शिक्षण देणाऱ्या निर्मला निकेतनच्या संचालकांना. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत काम करतो आहे. घर शोधणं, कुटुंबाला तयार करणं, बाहेर काढलेल्या बाईला राहायला जागा पाहणं, जामिनाच्या अर्जाला जोडायला सामाजिक अहवाल लिहिणं, हे काम कायद्याच्या विद्यार्थ्यापेक्षा तुम्ही चांगलं कराल. तुरुंगात जायचं तर परवानगी आधी मागा. पुण्यातल्या कारागृह मुख्यालयापर्यंत कागद जावा लागला तर वेळ लागतो. फाटकावर ओळखपत्र दाखवावं लागतं आणि मोबाइल जमा करावा लागतो.

लेक रोज आरोपींमध्ये बसते. काळजी वाटते, आणि खरं सांगायचं तर तिने गुन्हेगारांना सोडवावं हेही मनाला पटत नाही.
— एक आई, दादर

ताई, काळजी स्वाभाविक आहे. भेटी कोर्टात किंवा तुरुंगात, अधिकाऱ्यांच्या देखत आणि वकिलांबरोबर होतात. लेकीने स्वतःचा नंबर आणि पत्ता कुणाला देऊ नये, आरोपीच्या घरी एकटीने जाऊ नये, आणि कुणाकडून चहासुद्धा घेऊ नये. एवढं पाळलं की पुरे.

दुसरं तुमच्या मनातलं. जो आरोपी आहे तो गुन्हेगार ठरलेला नसतो, आणि ठरवायचं कोर्टाला आहे. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय कोर्टाला ते नीट ठरवता येत नाही. २००८ च्या हल्ल्यातल्या कसाबच्या अपिलात, २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिल्यांदा हजर केलेल्या आरोपीला वकिलाचा हक्क समजावणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. त्या माणसाच्या बाबतीत जे पाळायचं, ते सायकल चोरल्याच्या आरोपाखाली आलेल्या मुलाच्या बाबतीत पाळायला नको का? तुमची लेक तेच शिकते आहे.

कॉलेजात विधी सहाय्य केंद्र आहे, पण परीक्षा आल्या की बंद पडतं. कसं चालवावं?
— प्राध्यापक, वांद्रे

केंद्र परीक्षांमुळे बंद पडतं असं वाटतं, पण खरी अडचण हस्तांतरणाची असते. प्रत्येक फाइल दोन विद्यार्थ्यांकडे द्या, एक शेवटच्या आणि एक आधीच्या वर्षातला. म्हणजे एक गेला तरी दुसरा राहतो. एका शिक्षकाच्या हाताखाली आठ-दहांपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत, नाहीतर कुणाचं टिपण कुणी तपासत नाही. पहिल्याच दिवशी एक वही उघडा, पक्षकारांची नावं तपासायची. एका विद्यार्थ्याकडे फिर्यादीची मदत आणि दुसऱ्याकडे त्याच प्रकरणातल्या आरोपीची, असं एकाच केंद्रात होता कामा नये. जिल्हा प्राधिकरणाशी लेखी करार करा. १९८७ च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये क्लिनिकल कायदे शिक्षण आणि विद्यापीठांतली, विधी महाविद्यालयांतली केंद्रं यांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्याचा आधार घ्या.

विद्यार्थ्याला पहिलं काम दोषारोपपत्र वाचण्याचं द्या. तीन रंगांच्या पेन्सिली : एकीने प्रत्येक वेळ, दुसरीने प्रत्येक जागा, तिसरीने प्रत्येक वस्तू व तिचं सील. मग फिर्याद, अटक पंचनामा, जप्ती पंचनामा आणि कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल शेजारी ठेवा. जप्तीत मोबाइल काळा आणि अहवालात निळा, किंवा पंचनाम्यावर सीलचा उल्लेखच नाही, हे वाचून सांगणारा विद्यार्थी उलटतपासणीची निम्मी तयारी करून देतो. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे हवं. ते नकलांबरोबर मिळालं का, हेही त्याने तपासावं.

दोन आठवडे झाले, फक्त झेरॉक्स काढतोय. प्रमाणपत्र मिळेल, पण शिकलो काहीच नाही.
— विद्यार्थी, मालाड

झेरॉक्सला नेलेला प्रत्येक कागद मशीनवर ठेवण्याआधी वाचा, हे आजपासून. दुपारी वकिलांना नेमका प्रश्न विचारा. ‘काही शिकवा’ म्हणू नका. ‘या प्रकरणात पंच क्रमांक दोनचा जबाब का घेतला नसेल?’ असं विचारा. नेमक्या प्रश्नाला उत्तर मिळतं. सोमवारी सकाळी बोर्ड (कोर्टापुढच्या प्रकरणांची यादी) पाहून, पुरावा चालू असलेला एक खटला निवडा आणि त्याच्या प्रत्येक तारखेला बसण्याची परवानगी मागा. साक्षीदार पोलिसांपुढच्या जबाबात नसलेलं काही बोलला तर वकील ते कसं नोंदवून घेतात हे शब्दशः लिहा. एक खटला शेवटपर्यंत पाहिला तर दहा कोर्टं फिरण्याहून जास्त हाती लागतं. तरीही काम मिळालं नाही तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवून दुसऱ्या वकिलाकडे नेमणूक मागा. तक्रारीत व्यक्तीवर टीका नको, कोणत्या तारखांना काय काम दिलं एवढंच लिहा.

माझे चार आठवडे शुक्रवारी संपतायत. ज्या आरोपींना भेटत होतो त्यांचं काय?
— विद्यार्थी, घाटकोपर

गुरुवारीच बसा. प्रत्येकाचं एक पान करा : शेवटची तारीख, पुढची तारीख, कोणता कागद कुणाकडून यायचा आहे, घरचा नंबर, आणि तुम्ही त्याला काय करू म्हणून सांगितलं होतं. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण तो तीच धरून बसलेला असतो. पान सहाय्यक लोकअभिरक्षकाच्या हातात द्या आणि त्याची सही घ्या. मग आरोपीला समोर भेटून सांगा की उद्यापासून मी नाही, अमुक आहे, आणि तुझी तारीख अमुक दिवशी आहे. स्वतःचा फोन नंबर देऊ नका. तुमच्याकडे त्याची एकही प्रत, एकही टिपण राहिलेलं नाही ना, हे बॅग रिकामी करून पाहा.